माठ: पाझरतो म्हणूनच गार करतो

दुकानात रंगवलेले, वॉर्निश मारलेले, वारली नक्षीचे माठ पुढे मांडलेले असतात. ते सरळ बाजूला सारा. माठाचं सगळं कसब त्याच्या अंगावरच्या बारीक छिद्रांत आहे, आणि रंगाने नेमकी तीच बुजतात.

ही छिद्रं आपोआप होत नाहीत. कुंभार मातीत राख किंवा घोड्याची लीद कालवतो. लीद भट्टीत जळून जाते आणि तिच्या जागी पोकळी राहते. तिच्यातून पाणी बाहेर झिरपतं, हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे १० लिटरच्या माठातून १०० मिलिलिटर पाणी, जेमतेम अर्धा पेला, उडालं तर उरलेलं पाणी हिशेबाने ५ ते ६ अंशांनी उतरतं. बाहेरची उष्णता आत येतच राहते, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. तरी अर्ध्या पेल्यात घरभराला गार पाणी! वीज नाही, मोटर नाही. आश्चर्य वाटायला एवढं पुरे आहे.

घेताना बोटाच्या पेराने माठ सगळीकडून वाजवून पाहा. खणखणीत वाजला तर भाजणी चांगली. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे किंवा तो कच्चा राहिलाय. तोटीचा माठ असेल तर तोटीच्या दोन्ही बाजूंना रबरी वॉशर आहेत ना, तेही बघा. आतलं नट हातानेच आवळायचं. पान्याने आवळलं की भोकाशी तडा जातो आणि माठ पहिल्याच दिवशी वाया. तोटीपेक्षा ओगराळं बरं, असं आमचं मत, फक्त ते स्वच्छ हवं.

घरी आणल्यावर माठ २४ तास पाण्यात बुडवून ठेवा. सुरुवातीच्या दोन-तीन भरण्या झाडांना घाला, म्हणजे सुटी माती निघून जाते. आतून साबण लावू नका. छिद्रांत शिरलेला साबण पुढे पाण्याला चव देतो. काथ्याने घासलेलं पुरतं. वाळ्याची छोटी जुडी टाकायची तर ती दोन-तीन दिवसांनी उन्हात वाळवावी, नाहीतर कुबट वास येतो.

जागा निवडताना सगळ्यात जास्त चुका होतात. माठ भिंतीला चिकटवून किंवा फरशीवर ठेवला तर वारं फिरत नाही. घडवंची किंवा तिवई घ्या, खिडकीजवळ पण सावलीत ठेवा. खालच्या ताटलीतलं पाणी रोज ओता. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

मुंबई-कोकणात माठ निराश करतो, त्यात कुंभाराचा दोष नाही. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जेवढं तापमान दाखवेल, त्याच्या खाली माठातलं पाणी जात नाही. नागपुरात ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादा २५ अंशांच्या आसपास येते; मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्क्यांना ती २८ च्या वर राहते. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात माठ जिवाला जीव देतो. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेल्या घटाचं दान का सांगितलंय, हे तिथल्या वैशाखात नीट कळतं. तहानलेल्याला याहून चांगलं काय द्यायचं?

बोअरचं जड पाणी भरत असाल तर बाहेर पांढरा थर चढतो. तो क्षारांचा, आणि छिद्रं बुजवणारा. काथ्याने पुसत राहिलात तर हंगाम निघतो. सकाळी अंग कोरडं दिसू लागलं, पाणीही कोमट लागू लागलं, की माठ थकला. त्याचा तळ राखून वरचा भाग फोडला तर गच्चीवर पक्ष्यांसाठी उत्तम थाळं होतं. बुजलेला असल्यामुळे ते पाणीही धरून ठेवतं.