जेकिलवर मंडळाची साइट, वर्षभर वापरल्यावर

आमच्या रामबागेतल्या मंडळाची साइट मी बघतो, म्हणजे मीटिंगमध्ये दुसऱ्या कोणी हात वर केला नाही म्हणून माझ्या गळ्यात पडली. आधी सगळं हाताने लिहिलेलं एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड. नवीन व्याख्यान ठरलं की त्याचं पान बनवा, मग होम पेजवर लिंक टाका, मग महिन्याच्या यादीत, झालं की जुन्या कार्यक्रमांत, आणि यातलं एक ठिकाण हमखास राहायचंच. मग खजिनदार काकांचा फोन, "अरे दिवाळी पहाट होऊन महिना झाला, ती अजून वरच बसलीये!"

म्हणून जेकिल घेतलं, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलींवरून अख्खी साइट बनवून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, २००८ पासून आहे, त्यामुळे अडलं की उत्तर सापडतं. रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं, आणि विंडोजवर रुबी बसवण्यात माझा एक अख्खा रविवार गेला, पोहे-जलेबी तशीच पडून राहिली, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता प्रत्येक कार्यक्रमाची एक साधी टेक्स्ट फाइल. वर तीन-तीन डॅशांच्या मध्ये शीर्षक, तारीख, वक्ते, ठिकाण, खाली माहिती. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, लिक्विडचा (जेकिलची साच्यात लिहायची भाषा) फॉर लूप एकदाच लिहायचा, की बाबा एकेक फाइल घे, तारीख छाप, शीर्षक छाप, लिंक दे, पुढची घे. होम पेजवर लिमिट पाच लावलं की पाचच दिसतात. फाइल टाकली, बिल्ड मारला (म्हणजे जेकिलला साइटची सगळी पानं नव्याने बनवायला लावली), सगळ्या याद्या एका दमात बदलल्या. पहिल्यांदा झालं तेव्हा मी दोनदा रिफ्रेश करून बघितलं, खरंच सांगतो.

पण मंडळवाल्यांनी दोन गोष्टी आधीच समजून घ्या. जेकिल मुळात ब्लॉगसाठी बनलेलं, त्यामुळे पुढची तारीख दिसली की त्याला वाटतं हे अजून छापायचं नाहीये. आमचे तर सगळेच कार्यक्रम पुढच्या तारखेचे! मी अर्धा तास स्पेलिंग तपासत बसलो होतो, शेवटी कॉन्फिगमध्ये, म्हणजे जेकिलच्या सेटिंगच्या फाइलीत, फ्यूचर ट्रू केलं तेव्हा यादी भरली. दुसरं म्हणजे लूप चालतो तो फक्त बिल्डच्या वेळी, कोणी साइट उघडली तेव्हा नाही. 'आगामी' यादीत मी आजच्या तारखेशी तुलना लावली होती, पण ती 'आज' म्हणजे शेवटचा बिल्ड झाला तो दिवस. आठ दिवस बिल्ड नाही मारला तर होऊन गेलेलं गाणं आठ दिवस आगामीच राहतं, म्हणजे काकांचा फोन परत सुरू. आता रोज रात्री आपोआप बिल्ड होईल असं लावलंय. तो बिल्ड ज्या सर्व्हरवर होतो तिथलं घड्याळ यूटीसी, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असतं, म्हणून वेळ साडेसहा संध्याकाळची द्यायची, ते आपले रात्रीचे बारा.

महिन्यांची नावं इंग्रजीतच येतात. त्यासाठी डेटा फोल्डरमध्ये बारा मराठी नावांची यादी ठेवली आणि महिन्याच्या आकड्यावरून नाव उचललं. यादीची मोजणी शून्यापासून सुरू होते हे डोक्यातून गेलं, आणि सप्टेंबरचा गणेशोत्सव साइटवर ऑक्टोबरमध्ये जाऊन बसला. चूक माझीच, एक वजा करायचा राहिला होता, पण तोपर्यंत दोघीतिघींनी "या वर्षी अधिक महिना आहे का हो?" असं विचारून झालं होतं.

पाचपैकी चार देईन. दोन-तीन पानांची साइट असेल तर या भानगडीत पडूच नका, हाताने लिहा. आमच्यासारखे दीडशे कार्यक्रम साठले असतील तर मात्र घ्याच.

काकांना आता फाइल बनवायला शिकवलंय. बनवतातही छान, फक्त शीर्षकात कोलन घालतात, 'व्याख्यानमाला : पुष्प तिसरे' असं, आणि ते अवतरणचिन्हात नसलं की जेकिलला फाइलीचा वरचा भाग वाचताच येत नाही. तीनदा सांगून झालंय.