जुना ॲनालॉग कन्सोल: मूळपदावर आणावा, की आयसी बदलून घ्यावा?

साउंडवाल्यांकडे डिजिटल मिक्सर आल्यापासून पुण्यात ऐंशी-नव्वदच्या दशकातले २४ चॅनलचे कन्सोल (म्हणजे ॲनालॉग मिक्सर) भंगारापेक्षा जरा बऱ्या भावात मिळू लागलेत. तुमच्या घरी असा एखादा येऊन पडला असेल, चालू होत असेल, पण चार-दोन चॅनल मुके, फेडर (आवाज कमी-जास्त करायचे सरकते नॉब) खरखरतायत आणि मागे बारीक हम (सतत गुणगुण) आहे, अशी अवस्था असेल, तर पुढचा प्रश्न ठरलेला. कपॅसिटर, स्विच, फेडर आणि पॉवर सप्लाय एवढंच करून तो मूळपदावर आणायचा, की उघडलाच आहे तर आतले टीएल०७२ हे सिग्नल वाढवणारे आयसी काढून एनई५५३२ किंवा त्याहून भारी आयसी बसवायचे?

मी पहिल्या बाजूचा, एक अपवाद सोडून. दुसरी बाजू चूक आहे असं मात्र म्हणणार नाही. माझ्या एका मित्राने कर्वेनगरमधल्या त्याच्या स्टुडिओत सगळा कन्सोल बदलून घेतलाय आणि तो अगदी खूश आहे. "उगाच जुन्याला चिकटून बसतोस," हे त्याचं म्हणणं मी दर भेटीत ऐकतो.

कपॅसिटरबद्दल दुमत नाही, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. तीस-चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात, बास पातळ होतो, गळती सुरू झाली की पॉट (फिरवायचे नॉब) खरखरायला लागतात. दर १० अंश तापमानामागे त्यांचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं, म्हणून ८५ अंशांचे काढून १०५ अंशांचेच घाला. तपकीर गल्लीत नुसतं "बावीस मायक्रो द्या" म्हटलं तर हाताला लागेल ते पुडीत येतं. अंश आणि व्होल्ट स्वतः वाचून घ्या. फँटमच्या (माइकला वीज पुरवणाऱ्या) ४८ व्होल्टच्या लाइनवर ६३ व्होल्टचा लागतो, तिथे ५० चा घालून धकवू नका. आणि जिथे ४७ मायक्रो आहे तिथे "जास्त बास" म्हणून ४७० घालायची हौस टाळा. असा कपॅसिटर स्थिरावायला वेळ घेतो आणि चालू-बंद करताना स्पीकरला धक्का बसतो.

आता आयसी. टीएल०७२ चा नॉइज १८ नॅनोव्होल्ट, ५५३२ चा ५. कागदावर ११ डीबीचा फायदा, कोणालाही मोह पडेल. पण माइकच्या चॅनलमध्ये हिस्स (मागचा सूं-सूं आवाज) किती हे पहिल्याच टप्प्यात ठरतं. तिथे बहुतेक जुन्या कन्सोलमध्ये आयसीच्या आधी ट्रान्झिस्टरची जोडी असते आणि गेन तीच देते, म्हणजे सिग्नल तीच मोठा करते. मागच्या इक्यूतला (बास, मिड, ट्रेबल कमी-जास्त करणाऱ्या भागातला) आयसी कितीही शांत असला तरी पुढून आलेला हिस्स तो कमी करू शकत नाही. मी एका स्ट्रिपमध्ये (एका चॅनलच्या पट्टीत) आयसी बदलून, शेजारच्या न बदललेल्या स्ट्रिपशी लावून ऐकलं. माइक उघडा ठेवल्यावर मला तरी फरक कळला नाही. मोजमाप केलं नाही, कानावर बोलतोय.

फरक कळला तो वेगळ्याच जागी. बदललेल्या स्ट्रिपवर मिडचा पॉट फिरवला की खर्र आणि इक्यूचं बटण दाबलं की टप्प. पॉट नुकताच साफ केलेला, शेजारच्या स्ट्रिपवर तसलाच पॉट लोण्यासारखा फिरत होता. कारण साधं आहे. टीएल०७२ चं इनपुट जेफेट (जवळजवळ करंट न ओढणारा ट्रान्झिस्टर), त्याचा बायस करंट (इनपुट स्वतः ओढतं तो करंट) ६५ पिकोअँपिअरच्या घरात. ५५३२ चं इनपुट साध्या ट्रान्झिस्टरचं, तिथे तोच करंट सुमारे २०० नॅनोअँपिअर. ४७ किलोओहमच्या पॉटमधून तो वाहिला की ९ मिलिव्होल्टहून जास्त डीसी (स्थिर व्होल्टेज) उभा राहतो. टीएल०७२ च्या बाबतीत हाच हिशेब ३ मायक्रोव्होल्टवर थांबतो. पॉटमध्ये डीसी आला की फिरवताना तो ऐकू येणारच.

तुम्ही रॉक बँड रेकॉर्ड करत असाल तर हे कदाचित जाणवणारही नाही. माझ्याकडे मुख्यतः ख्याल गायकी. विलंबित आलाप चालू आहे, तानपुऱ्याशिवाय दुसरं काही वाजत नाही आणि हार्मोनियमचा मिड किंचित खाली घ्यायचाय, तेव्हा ती खर्र थेट रेकॉर्डिंगमध्ये उतरते. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. पॉटच्या आधी-नंतर कपॅसिटर घालून डीसी अडवता येतो, पण ते बोर्डावर नवं डिझाइन करणं झालं. किंवा ओपीए२१३४ घ्या, त्याचं इनपुट फेटचं आहे आणि नॉइज ८ नॅनोव्होल्ट. मात्र एका ओपीए२१३४ च्या पैशात मूठभर टीएल०७२ येतात आणि बाजारात नकली आयसीही फिरतात.

कामाचाही विचार करा. चॅनलमागे ५ आयसी धरले तर १२० आयसी, म्हणजे ९६० पाय. जुना एकपदरी बोर्ड असेल तर सोल्डरिंगची इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की तांब्याची पट्टी पापडासारखी उचलून येते. करायचंच असेल तर आयसीचे पाय आधी बारीक कटरने कापा, मग एकेक पाय चिमट्याने ओढा. कपॅसिटरचे दोनच पाय, त्यात एवढी धास्ती नाही. शिवाय टीएल०७२ ला साधारण २.८ मिलिअँपिअर लागतात, ५५३२ ला ८. १२० आयसींना ३३६ वरून ९६० मिलिअँपिअर, तेही प्रत्येक रेलवर (सप्लायच्या अधिक आणि उणे लाइनवर). जुन्या पॉवर सप्लायचे रेग्युलेटर यावर तापणार, म्हणजे तोही नवा करणं आलं. मित्राचा खर्च तिथेच फुगला.

अपवाद म्हणालो तो मिक्स बसचा. २४ चॅनल एकत्र होतात तिथल्या अँपचा स्वतःचा नॉइज २५ पट, म्हणजे २८ डीबीने वर येतो. तिथे पॉट नाही, खरखरीचा प्रश्न नाही. तिथे टीएल०७२ असेल तर ५५३२ जरूर घाला. सगळे फेडर वर करून ऐकलं की पडलेला फरक माझ्या कानालाही कळला. काही कन्सोलमध्ये कंपनीनेच ५५३४ किंवा ५५३२ दिलेले असतात, आधी आयसीवरचा नंबर वाचा. नवा आयसी बसवताना त्याच्या सप्लायच्या पायांलगत १०० नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर द्या, नाहीतर तो कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतो आणि उगाच गरम राहतो.

कन्सोल तुम्ही केवळ कॉम्प्युटरमधले ट्रॅक एकत्र करायला वापरणार असाल, इक्यू एकदा लावला की हात लावणार नसाल आणि पॉवर सप्लायही नवा करायची तयारी असेल, तर मित्राचा मार्ग धरायला हरकत नाही. गाणं चालू असताना हात पॉटवर असणार असेल तर टीएल०७२ राहू द्या. दोन्हींत सुरुवात मात्र पॉवर सप्लायपासूनच करा, कारण मागचा तो बारीक हम बहुतेक वेळा तिथल्याच फिल्टर कपॅसिटरचा असतो.