पैसे एक्सप्रेसचे घेतले, पाकीट साध्या रजिस्टरने पाठवलं

सत्र संपलं की विद्यापीठात सगळ्यांनाच एकदम काहीतरी पाठवायचं असतं. कुणाची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांची अधिकृत नोंद, परदेशी जायची असते, कुणाची पुस्तकं घरी. टपाल कक्षापुढे रांग लागते आणि नेमकी तीच वेळ साधून काही लोक वसतिगृहाच्या दारात टेबल मांडून बसतात. आमच्याकडे बसलेल्या माणसाच्या गळ्यात ओळखपत्र होतं, मागे विद्यापीठाच्या नावाचा फलक, समोर वजनकाटा. खोलीवरून सामान नेऊ, आठवड्याच्या आत पोचवू, असं तो सांगत होता. माझं ट्रान्सक्रिप्टचं सीलबंद पाकीट आणि कपड्यांचा एक खोका त्याने घेतला, दोन्हींचे पैसे एक्सप्रेसच्या दराने लावले.

खोक्याचं वजन त्याने आकारावरून काढलं. ही पद्धत खरीच आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचं, असं बऱ्याच एक्सप्रेस कुरियर कंपन्या करतात. ५० × ४० × ४० चा खोका आत सहाच किलो कपडे असले तरी १६ किलोंचा धरला जातो. त्याने हे सगळं कागदावर मांडून दाखवलं, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

मग त्याने मोबाइलवर एक लिंक पाठवली. तिथे रोज काही ना काही बदलायचं: 'मार्गस्थ', 'विमानतळावर', 'कस्टममध्ये'. ते पान त्याचं स्वतःचंच होतं. अर्जाची मुदत उलटली, तिकडच्या प्रवेश विभागाने काहीच मिळालं नसल्याचं कळवलं. फार मागे लागल्यावर त्याने टपालाचे खरे क्रमांक दिले. ते टपाल कक्षातल्या बाईंना दाखवले, तर त्या पाहताक्षणी म्हणाल्या, "अरे, हे तर रजिस्टर आहे. यात एक्सप्रेस कुठंय?"

आंतरराष्ट्रीय टपालाचा क्रमांक १३ खुणांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी ज्या देशातून पाठवलं त्याची दोन अक्षरं. टपालाच्या एक्सप्रेस सेवेचा, म्हणजे ईएमएसचा क्रमांक 'ई'ने सुरू होतो, रजिस्टरचा 'आर'ने, साध्या पार्सलचा 'सी'ने. माझ्या पाकिटावर 'आर' होता आणि खोक्यावर 'सी'. मधला फरक त्याच्या खिशात गेला. खासगी कुरियरचे क्रमांक वेगळ्या धर्तीचे असतात, पण तेही त्या कंपनीच्या साइटवर दिसायलाच हवेत. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, कुणी पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका. आणि हे सगळं पैसे देण्याआधी, त्याच्यासमोरच करा.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. लेबलवर पाठवणारा म्हणून त्याने स्वतःचं नाव घातलं होतं. न पोचलेल्या टपालाच्या चौकशीचा अर्ज पाठवणाऱ्याच्या नावाने करावा लागतो, त्यामुळे माझा अर्ज घेतलाच गेला नाही. लेबलची प्रत हातात घेऊन त्यावर आपलं नाव आहे का, एवढं जरूर बघा. एक वर्षाचा प्रवेश त्या एका ओळीत अडकू शकतो.

त्या टेबलाला विद्यापीठाची परवानगीच नव्हती, हे कुलसचिव कार्यालयाने नंतर लेखी दिलं. आम्ही काही जणांनी मिळून पोलिसांत तक्रार केली आहे. तुम्हीही असं कुठे सामान दिलं असेल, तर पावती, ती लिंक आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवा आणि खरा क्रमांक आजच मागून घ्या. लेबलवर तुमचं नाव असेल तर लगेच चौकशीचा अर्ज द्या, आंतरराष्ट्रीय रजिस्टर टपालासाठी तो ६ महिन्यांच्या आतच करावा लागतो.