मऊ जेलच्या कल्चर डिश: सात महिने वापरल्यावर

लॅबमध्ये या तयार डिश, म्हणजे तळाशी मऊ जेलचा थर असलेल्या, पेशी वाढवायच्या बशा, पहिल्यांदा आल्या तेव्हा मी नाक मुरडलं होतं. न्यूरॉन (मेंदू-नसांच्या पेशी) प्लॅस्टिकवर वाढतात, काचेवरही वाढतात, मग हे लाड कशाला? आता कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, पेशी साध्या डिशमध्ये टाकायच्या म्हटलं की हात आखडतो. तरी ही आंधळी शिफारस समजू नका. या डिशनी मला रडवलंही आहे.

मेंदूचा कडकपणा साधारण 0.1 ते 1 किलोपास्कल (कडकपणा मोजायचं एकक). डिशचं प्लॅस्टिक गिगापास्कलच्या घरात, म्हणजे निदान दहा लाख पट कडक. वर्षानुवर्षं आपण न्यूरॉनला दगडावर बसवून 'तुझा स्वभाव सांग' असं विचारत आलोय. हे वाचून माहीत होतं, पण पटलं ते एका रात्री. चमकणारे बारीक मणी मिसळलेल्या जेलवर पेशी टाकून डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली होती. ॲक्सॉनच्या (न्यूरॉनच्या लांब तंतूच्या) वाढत्या टोकाचा ग्रोथ कोन चाचपडत पुढे आला आणि त्याच्यासमोरचे चार-दोन मणी हळूच त्याच्याकडे सरकले. थोड्या वेळाने पकड सुटली तशी मणी आपापल्या जागी परत! ग्रोथ कोनमधलं ॲक्टिन (पेशीच्या सांगाड्याचं प्रथिन) सतत मागे वाहत असतं. पकड बसली की ते अडतं आणि खालचा पृष्ठभाग ओढला जातो. गाडीचा क्लच लागावा तसं. प्लॅस्टिकवरही ही ओढ असतेच, पण प्लॅस्टिक हलत नाही, त्यामुळे आपल्याला दिसत नाही.

ओढीने ॲक्सॉन वाढतो हे डेनिस ब्रे यांनी 1984 मध्येच दाखवलं होतं. कोंबडीच्या गर्भातल्या संवेदी न्यूरॉनला बारीक काचेच्या सुईने ओढत नेलं, तर ओढेल तसा ॲक्सॉन लांबत गेला. कडकपणा जाणवतो कसा, याचा एक धागा पिएझो1 या चॅनेलपर्यंत, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या, ताण पडला की उघडणाऱ्या दारापर्यंत जातो. पिएझो चॅनेल 2010 मध्ये सापडले, आणि त्यासाठी आर्डेम पटापुटियन यांना 2021 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. बेडकाच्या गर्भात डोळ्याकडून निघालेले ॲक्सॉन मेंदूतल्या मऊ भागाकडे वळतात. पिएझो1 काढलं की वाट चुकतात.

आता आमचा अनुभव. कॉर्टेक्सच्या कल्चरमध्ये सगळ्यात मोठा फायदा मिळाला तो ॲस्ट्रोसाइटच्या (न्यूरॉनला आधार देणाऱ्या ग्लिया पेशींच्या) बाबतीत. साध्या डिशमध्ये आठवड्याभरात ते हातपाय पसरून बसतात. मऊ जेलवर त्यांना धड पसरताच येत नाही आणि न्यूरॉन मोकळे राहतात. मात्र 'जितकं मऊ तितकं बरं' या भ्रमात राहू नका. पाठीच्या कण्याशेजारच्या गॅंग्लियातले (न्यूरॉनच्या गाठींतले) संवेदी न्यूरॉन आम्ही हौसेने सगळ्यात मऊ डिशमध्ये टाकले आणि ते खुरटले. एक किलोपास्कलच्या आसपास तेच झकास वाढले. शरीरात रोज ताण सोसणाऱ्या नसांच्या पेशी त्या, त्यांना गादी कशाला हवी?

तक्रारी आता. हे जेल पॉलिॲक्रिलामाइडचं, त्याला पेशी आपणहून चिकटत नाहीत, म्हणून लॅमिनिन (पेशींना पकड देणारं प्रथिन) रासायनिक दुव्याने, अतिनील (यूव्ही) प्रकाश देऊन बसवावं लागतं. एका बॅचमध्ये ते ठिगळाठिगळांनी बसलं. रिकाम्या जागा बघून आम्ही दोन आठवडे 'कडकपणाचा परिणाम' म्हणून चर्चा केली, चक्क आलेख काढले. शेवटी निघाला कोटिंगचा घोळ. तेव्हापासून प्रत्येक बॅचमधली एक डिश लॅमिनिन दाखवणारा रंग देऊन आधी तपासतो. जेल बनताना न जुळलेलं ॲक्रिलामाइड स्वतःच नसांना विषारी असतं, तेव्हा धुण्यात कंजुषी नको. आम्ही रात्रभर बफर द्रावणात ठेवतो.

मीडिया (पेशींचं पोषक द्रव) बदलताना सक्शन लावू नका. मी लावलं, आणि जेलचा तुकडा पेशींसकट नळीत गेला. पिपेटने, कडेने, निम्माच मीडिया बदलायचा. जेल जाड असल्याने मायक्रोस्कोपचं तेल लावून वापरायचं जास्त पॉवरचं लेन्स वरच्या पेशींपर्यंत पोचत नाही, म्हणून लांब पल्ल्याचं लेन्स नसेल तर चित्रांची आशा सोडा. शिवाय हे जेल नुसतं लवचीक आहे, दाबलं की लगेच परत येतं. खरा मेंदू दाबाखाली सावकाश सैलावतोही. तो भाग इथे मिळत नाही.

नुसती प्रथिनं काढायला न्यूरॉन हवे असतील तर साधी डिश पुरे. ॲक्सॉनची वाट, फांद्या, ग्लियाशी नातं असलं काही बघायचं असेल तर घ्या, पण पाकिटावरच्या किलोपास्कलवर विसंबू नका. दोन बॅचवर आकडा एकच होता आणि पेशी वेगळ्या वागत होत्या. आम्ही आता बारीक स्टीलची गोळी जेलवर ठेवतो, ती किती रुतली हे फोकस वर-खाली करून मोजतो आणि त्यावरून कडकपणा काढतो. अर्ध्या तासाचं काम आहे. परवाच्या बॅचमध्ये गोळी जवळजवळ तळाला टेकली. त्या डिश तशाच परत पाठवल्या.