चौदा बाहुल्या, साडेअकराशे रुपये आणि आमची शब्बाथशाळा

आमची मराठी उपासना वास्कोत, भाड्याच्या हॉलमध्ये. शब्बाथशाळेला, म्हणजे रविवारच्या मुलांच्या धर्मवर्गाला, पोरं सतरा-अठरा, वय चार ते अकरा. बहुतेकांची गावं सांगली, मिरज, बेळगाव. वडील कुणाचे बंदरात, कुणाचे हॉटेलात. येशूजन्माची गोष्ट मी इतकी वर्षं चित्रांच्या तक्त्यांवर शिकवत होते. पण गोव्याच्या दोन पावसाळ्यांत तक्त्यांना बुरशी लागली आणि मरीयेच्या गालावर काळे ठिपके उठले. म्हणून नोव्हेंबरात मडगावच्या न्यू मार्केटातून गोठ्याचा हा संच आणला. साडेअकराशे रुपये, घासाघीस करून. आता वर्ष होत आलं, तेव्हा लिहायला हरकत नाही.

संचात चौदा बाहुल्या: मरीया, योसेफ, बाळ, पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेले तीन ज्ञानी, दोन मेंढपाळ, देवदूत, बैल, गाढव, उंट आणि दोन मेंढरं. सगळं प्लास्टरचं, मोठी माणसं वीतभर उंच. सोबत लाकडी गोठा आणि गव्हाणी.

घरी येऊन खोकं उघडलं तर उंट तीन पायांचा. चौथा पाय भुशातसुद्धा नव्हता. दुसऱ्या दिवशी परत गेले तर दुकानदार म्हणाला, ‘‘बाय, नाताळाचो माल परत घेनात.’’ बिल मागितलं नव्हतं, ती माझीच चूक. एम-सीलचा पाय करून बसवला. उंट आता जरा लंगडतो, पण पूर्वेकडून एवढं चालून आलेला उंट लंगडणारच, असं पोरांनीच ठरवलं. मेंढरं मात्र मेंढरं वाटत नाहीत. मेंढपाळ खोक्यातून काढले त्याच रविवारी एका चिमुरडीने विचारलं, ‘‘बाई, मेंढपाळाकडे दोन कुत्री कशाला?’’ बाळाचे केस सोनेरी, डोळे निळे. त्यावर मागून आवाज आला, ‘‘हा टुरिस्ट आहे काय?’’ घरी जाऊन काळ्या पोस्टर कलरने केस रंगवले. डोळ्यांना हात लावायचं धाडस झालं नाही.

एवढी कुरकुर करूनही मी हा संच चांगला म्हणते, कारण यातली एकही बाहुली चिकटवलेली नाही. त्याच दुकानात स्वस्तातले संच होते, सगळी मंडळी एकाच पाटावर डिंकाने बसवलेली. ते शोकेसला ठीक. वर्गात मात्र माणसं चालली पाहिजेत. पहिल्या रविवारी मी फक्त मरीया आणि देवदूत काढले, बाकी सगळे खोक्यात. दुसऱ्या रविवारी मरीया-योसेफ नासरेथहून बेथलेहेमला निघाले, कारण रोमचा बादशहा कैसर औगुस्त याने नावनिशी लिहून घ्यायचा हुकूम काढला होता. किती लांब, असा प्रश्न आलाच. इथून बेळगावला जाण्याइतकं, मी म्हटलं, आणि तेही पायी. ज्यांचं आजोळ बेळगाव त्यांना अनमोड घाट आठवला. मग हॉलभर खुर्च्यांच्या मधून दोघांची वरात फिरली. गाढव पुढे. शास्त्रात त्या प्रवासात गाढवाचा उल्लेखच नाही हे मी सांगितलं, पण गाढव कुणी सोडेना.

उतारशाळा, म्हणजे प्रवाशांची धर्मशाळा, समजावताना मला शब्द शोधावे लागले नाहीत. ज्याचे बाबा कोलव्याला हॉटेलात कामाला आहेत तो पोरगा दारातच आडवा उभा राहिला. ‘‘फुल्ल! ख्रिसमसला रूम पाहिजे तर ऑगस्टात बुकिंग करायचं!’’ सगळे हसले. मग एका मोठ्या मुलीने विचारलं, ‘‘त्यांच्याकडे पैसे नव्हते म्हणून, की खरंच जागा नव्हती?’’ शुभवर्तमानात लूकने लिहिलंय की जागा नव्हती, तेवढंच मी सांगितलं. ती काही पटल्यासारखी दिसली नाही.

ज्ञानी लोकांवरून खरं भांडण झालं. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय, त्याने त्यांची संख्या दिलेली नाही. सोनं, ऊद, गंधरस अशी दानं तीन, म्हणून माणसंही तीन धरली गेली. शिवाय ते गोठ्यात नाही, घरात आले. म्हणून मी तिघांना आणि लंगड्या उंटाला लांबच्या खिडकीत ठेवलं होतं, आणि दर रविवारी ते एक-एक खुर्ची पुढे सरकायचे. पण एका पोराने ६ जानेवारीला कासावलीचं तीन राजांचं फेस्त, म्हणजे चर्चचा सण, पाहिलेलं. तिथे तीन लहान मुलगे मुकुट घालून घोड्यावर बसतात. तो हटून बसला, ‘‘बाई, मी स्वतः पाहिलेत. तीनच असतात, आणि राजेच असतात.’’ साक्षीदारापुढे काय बोलणार!

गोठ्याचं छप्पर पातळ आहे, त्यावर देवदूत टांगायचा हूक दुसऱ्याच आठवड्यात निघाला. बरं झालं. तेव्हापासून देवदूत दर वेळी कुणाच्या तरी हातात असतो, आणि तो हातात असला की सगळ्यात लाजरं पोरही ‘भिऊ नका’ मोठ्याने म्हणतं. छपराखालचे दिवे दोनच दिवस पेटले. गवताचा खर्च नाही: शेजारच्या आंटीच्या सांगण्यावरून पोरांनी करवंट्यांत नाचणी पेरली, दहा-बारा दिवसांत हिरवंगार कुरण तयार.

गव्हाणी शेवटच्या रविवारपर्यंत रिकामी ठेवायची, असं मी ठरवलं होतं. बाळ फुटू नये म्हणून घरी तांदळाच्या डब्यात ठेवलेलं. आणि त्या रविवारी मी ते डब्यातच विसरून आले! नवऱ्याला फोन केला. तो स्कूटरवरून येईपर्यंत वीस मिनिटं पोरं रिकाम्या गव्हाणीभोवती बसून होती, आणि ज्या पोरांना एरवी दोन मिनिटं गप्प बसवत नाही ती कुजबुजत बोलत होती. नवरा आला, खिशातून बाळ काढलं. चिमुरडीने स्वतःच्या रुमालात ते गुंडाळून ठेवलं. बाळाच्या कानात तांदळाचा एक दाणा अडकलेला होता. तो कुणी काढू दिला नाही.

घ्यायचा असेल तर नोव्हेंबरातच घ्या. डिसेंबराच्या मध्यानंतर उरलंसुरलं मिळतं. सुट्या बाहुल्यांचा संच मागा, बाळ गव्हाणीतून निघतं का ते बघा, बिल घ्या. आणि उंटाचे पाय दुकानातच मोजा.