मुलाखत कुठं रेकॉर्ड करायची? स्टुडिओ, कलाकाराचं घर, मंच की फोन

सीमाभागातलं एखादं वाचनालय, कॉलेज किंवा मंडळ रेडिओसाठी कलाकारांच्या मुलाखतींची मालिका करायला घेतं, तेव्हा पहिली चर्चा होते ती माइक कुठला घ्यायचा याची. ते नंतर बघता येतं. आधी जागा ठरवावी लागते, आणि त्यासाठी एक साधी कसोटी पुरते: पाहुण्याच्या हातात काय असतं? पेटी, चौडकं, पखवाज किंवा कुंचला असेल तर आपण त्याच्या घरी जावं. हातात कागद असेल तर त्याला स्टुडिओत बोलवावं. मंच आणि फोन हे त्यानंतरचे पर्याय, पण दोन्ही टाकाऊ नाहीत.

लेखक, कवी: स्टुडिओ

लेखकाच्या मुलाखतीत ऐकण्यासारखं असतं ते बोलणं आणि वाचन. दोन्हीला शांतता लागते आणि ती स्टुडिओत फुकट मिळते. बेळगावात सामुदायिक रेडिओ आहे (के.एल.ई.चं वेणुध्वनी, ९०.४ एफएम). काही कॉलेजांतही आवाज न घुमणारी एखादी खोली सापडते.

माइक तोंडापासून वीतभर लांब आणि समोर न ठेवता जरा बाजूला, तिरका ठेवावा. तोंडासमोर ठेवला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला हवेचा धक्का बसतो आणि तो नंतर पूर्ण काढता येत नाही. वाचायची पानं स्टेपल काढून सुटी ठेवावीत, मोठ्या अक्षरात छापून आणावीत, आणि वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. पुस्तकातून वाचू दिलं तर पान उलटल्याची खसखस नेमकी कवितेच्या शेवटच्या ओळीवर येते. पाणी कोमट ठेवावं. एसीत घसा कोरडा पडतो आणि वयस्कर माणसाच्या बोलण्यात जिभेचा चटचट आवाज यायला लागतो.

स्टुडिओत अडचण होते ती माणूस अवघडतो याची. लाल दिवा लागला की चांगला गप्पिष्ट लेखकही सत्काराला उत्तर दिल्यासारखा बोलू लागतो. त्यावर उपाय असा की चहा स्टुडिओत बसूनच घ्यायचा आणि ‘आता सुरू करू’ असं न म्हणता मशीन आधीच चालू ठेवायचं. पाहुण्याला तसं सांगून, अर्थातच. पहिली दहा मिनिटं बहुतेक कापली जातात, पण एखादं सोन्यासारखं वाक्य त्यातच सापडतं.

दुसरी अडचण अंतराची. अथणी, कागवाडकडच्या माणसाला बेळगावला येऊन जाण्यात दिवस मोडतो. सत्तरी ओलांडलेल्या लेखकाला तासाभराच्या बोलण्यासाठी एवढं दमवू नये.

सामुदायिक केंद्राच्या स्टुडिओत जायचं असेल तर एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या किंवा राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करता येत नाहीत. आता सीमाभागातल्या मराठी लेखकाचं आयुष्य १ नोव्हेंबर १९५६ (हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला तो दिवस) वगळून कसं सांगणार? सांगता येतं, पण प्रश्न नीट विचारावे लागतात. शाळा कुठल्या माध्यमाची, नोकरीत कुठली भाषा वापरावी लागली, पहिलं पुस्तक कुठं छापलं, घरात कन्नड किती आणि मराठी किती, हे सगळं आयुष्य आहे. मागण्या आणि निवेदनं आली की केंद्राचा माणूस कात्री चालवणार, आणि पाहुण्याला ते प्रसारणाच्या दिवशी कळलं तर तो दुखावणार. म्हणून हे बोलणं फोनवर, आमंत्रण देतानाच झालेलं बरं.

लेखक म्हणजे कागदच, असंही नाही. निपाणीचे दिवंगत कथालेखक महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत लिहीत राहिले. असा लेखक भेटला तर कसोटी उलटते आणि गिरणीतच जावं लागतं. फक्त बोलणं पट्टा बंद असताना करायचं आणि गिरणीचा आवाज वेगळा, दोन मिनिटं, नंतर घ्यायचा. चालत्या गिरणीत बोलणं रेकॉर्ड केलं तर एडिटिंगच्या प्रत्येक कटला घरघर तुटते आणि ऐकणाऱ्याला जोड कळतो.

वादक, गायक, लोककलावंत: घर

या भागातली खरी श्रीमंती इथं आहे, आणि रेकॉर्डिंगची खरी मेहनतही इथंच लागते.

पेटीचंच घ्या. रामभाऊ विजापुरे यांचा जन्म कागवाडचा, १९१७चा. आयुष्य गेलं बेळगावात पेटी वाजवण्यात आणि शिकवण्यात. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. १९७१ साली ती सैल झाली तेव्हा चोपन्नचे. जुन्या पेटीवादकाच्या शिष्याशी रेडिओवर बोलताना हा प्रश्न टाळून कसं चालेल? पण नुसतं ‘बंदीबद्दल काय वाटतं’ असं विचारलं तर तयार उत्तर मिळतं. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, जमत नाही. म्हणून पेटी पुढ्यात ठेवून ‘आक्षेप मींडेवर होता ना, मग तुम्ही ती जागा कशी भरता, वाजवून दाखवा’ म्हटलं की वादक बोटांनी उत्तर देतो. नंतर बोलतो तेही वेगळंच असतं. स्टुडिओतल्या परक्या पेटीवर हे होत नाही. हाताखालची पेटी ती हाताखालचीच.

पेटीसाठी माइक दीड-दोन फुटांवर, पट्ट्यांच्या वरच्या बाजूला, वादकाच्या समोरून. भात्याकडून घेतला तर सुरांपेक्षा हवा आणि लाकडाची करकर जास्त येते. बोलण्यासाठी कॉलरला लावायचा छोटा माइक वेगळा, हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर. तो लावण्याआधी गळ्यात काय आहे ते बघावं. तुळशीची माळ आणि मंगळसूत्र दर श्वासाला माइकवर टकटक वाजतं. नवी शाल त्याहून वाईट, तिची खसखस थांबतच नाही. आक्कांच्या पदराखाली माइक गेला तर आवाज गोधडीतून आल्यासारखा बसका येतो. पदराच्या वरच्या घडीला तो चिमट्यानं लावावा, आणि लावायचं काम घरातल्या बाईला सांगावं.

लेव्हल, म्हणजे रेकॉर्डर आवाज किती जोरात घेणार ते, बोलण्यावर ठरवायची नाही. सर्वात जास्त फसगत इथं होते. सौंदत्तीच्या यल्लम्माची गाणी म्हणणाऱ्या जोगतिणीशी बोलताना तिचा आवाज मृदू असतो, म्हणून लेव्हल चढवली जाते. मग ती चौडकं उचलते, खुल्या गळ्यानं पहिली ओळ लावते आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरनं पूर्ण सांधत नाही. म्हणून आधी म्हणायचं, ‘मावशी, जरा जोरात एक कडवं म्हणून दाखवा.’ त्या वेळी काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकी लेव्हल ठेवायची. बोलणं हळू आलं तर ते नंतर वाढवता येतं. रेकॉर्डरमध्ये कमी लेव्हलची दुसरी प्रत एकाच वेळी घेण्याची किंवा ३२ बिट फ्लोटची (या प्रकारात मोठा आवाजही सहसा फाटत नाही) सोय असेल तर जरूर वापरावी. चौडकं आणि पखवाज यांच्यासाठी ती फार कामाची.

खोली निवडताना हॉलचा मोह नको. फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत असलं की आवाज घुमतो. गाद्या, वाकळा, कपड्यांची कपाटं असलेली आतली खोली उत्तम. तशी नसेल तर खाली सतरंजी, समोरच्या भिंतीला दोन वाकळा. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिजचं बटण बंद केलं की तिथंच रेकॉर्डिंगवाल्यानं आपल्या गाडीची किल्ली ठेवावी, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरत नाही. मोबाईल सगळ्यांचे एअरप्लेन मोडवर. नुसते सायलेंट करून भागत नाही, कारण जवळच्या फोनच्या सिग्नलची टर्रटर्र माइकच्या वायरीत शिरते. रेकॉर्डर बॅटरीवर चालवावा, नाहीतर इन्व्हर्टरची गुणगुण सोबतीला येते.

मग हंगाम. खानापूर आणि पश्चिमेकडच्या गावांत जून ते सप्टेंबर पत्र्याच्या घरात रेकॉर्डिंग होत नाही, हे गृहीतच धरावं. कौलाखाली थोडं बरं. चिक्कोडी, अथणी, रायबागकडं उलटी तऱ्हा: पाऊस कमी, पण ऊसतोडणी सुरू झाली की ट्रॅक्टर रात्रंदिवस आणि प्रत्येकावर गाण्यांचा डबा. रस्त्याकडेचं घर असेल तर त्या महिन्यांत मागची खोली घ्यावी किंवा थेट उन्हाळ्याची वाट बघावी. वेळ सकाळी नऊ ते अकरा. त्याआधी नळाला पाणी, त्यानंतर कुकरच्या शिट्ट्या.

निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची एक मिनिट शांतता रेकॉर्ड करावी. एडिटिंगमध्ये दोन वाक्यांच्या मधल्या फटी भरायला तीच लागते. नवखी मंडळी हेच हमखास विसरतात.

मंच: ऐकायला छान, वापरायला अवघड

कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत साहित्य संमेलनं भरतात आणि त्यांत मुलाखतीही होतात. ‘पाहुणा आलाच आहे तर तेच रेकॉर्ड करू’ असा विचार साहजिक आहे. पण मंचावर माणूस श्रोत्यांकडं बघून बोलतो. टाळी मिळालेला किस्सा पुन्हा सांगतो आणि अडचणीचा प्रश्न विनोदावर नेतो. आयुष्य ऐकायचं असेल तर हे पुरत नाही. कार्यक्रमाचा रंग दाखवायला मात्र झकास.

करायचंच असेल तर स्पीकरसमोर रेकॉर्डर धरू नका. मंडपवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्या आणि ती रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला जोडा. माइकच्या इनपुटला जोडली तर सगळं फाटून येतं. मिक्सरमध्ये टाळ्या आणि हशा येत नाहीत, म्हणून दुसरा रेकॉर्डर पहिल्या रांगेत ठेवा. जनरेटर कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.

फोन

बोलण्यापुरता चालतो, वाजवण्यासाठी नाही. साध्या कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. फोर-जीच्या कॉलवर तो बराच रुंद होतो. पण खरा घात फोनमधली गोंगाट कमी करण्याची यंत्रणा करते. सतत चालणारा आवाज म्हणजे पंखा, असं तिचं गणित. त्यामुळं तंबोरा आणि पेटीचा धरलेला सूर ती चक्क पुसून टाकते, गाणारा मध्येच बुडतो आणि वर येतो.

मात्र मुलाखत झाल्यावर राहिलेला एखादा खुलासा, किंवा पुण्या-मुंबईला गेलेल्या शिष्याचं दोन मिनिटांचं बोलणं यासाठी फोनच बरा. त्यातही एक युक्ती आहे: बोलणं कॉलवर करायचं, पण पाहुण्याजवळ दुसरा फोन ठेवून त्याच्या रेकॉर्डर अॅपमध्ये त्याचाच आवाज तिथं मुद्रित करायचा, आणि आपला आवाज आपल्याकडं. नंतर ती फाईल व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवायची. सुरुवातीला दोघांनी एक टाळी वाजवली की दोन्ही फाईली जुळवायला सोपं जातं.

भाषा बदलते तेव्हा

पाहुणा मराठीत बोलता बोलता कन्नडात जाणार, विशेषतः गुरूचं बोलणं सांगताना. त्याला अडवू नये. मुलाखतकार दोन्ही भाषा समजणारा हवा. दुभाष्या शेजारी बसवला की दर वाक्याला ठेच लागते. प्रसारणात कन्नड भाग पहिली पाच-सहा सेकंदं पूर्ण आवाजात ऐकवावा, मग खाली नेऊन वर मराठी भाषांतर वाचावं आणि शेवटचं वाक्य पुन्हा मूळ आवाजात सोडावं. भाषांतर वाचणारा स्त्री-पुरुष आणि वयाच्या अंगानं जुळता असावा. सत्तरीच्या आक्कांचं बोलणं कॉलेजच्या पोरानं वाचलेलं ऐकवत नाही.

हक्क आणि फाईली

जागा कुठलीही असो, बोलणं सुरू होण्याआधी संमतीचा कागद वाचून दाखवून सही घ्यावी, पाहुण्याला वाचता येईल त्या भाषेत. त्यात चार गोष्टी: प्रसारण कुठं होणार, इंटरनेटवर जाणार का, कापाकापीचा हक्क कुणाला, मानधन किती. कलावंताला आपल्या सादरीकरणावर कायद्यानं ५० वर्षं हक्क असतो. ‘आम्ही रेकॉर्ड केलं म्हणजे आमचं’ असं नसतं. साहित्याचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. बेळगावच्या मुलाखतीत इंदिरा संतांची कविता कुणीतरी म्हणणारच, पण त्या २००० साली गेल्या. म्हणजे २०६० संपेपर्यंत प्रसारणाआधी परवानगीचं बघावं लागतं. पारंपरिक ओवी, अभंग, यल्लम्माचं गाणं यांना ही अडचण नाही. कॅसेट-सीडीवरचं रेकॉर्डिंग मधे घालायचं असेल तर त्याचा परवाना वेगळा.

फाईल वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवावी. स्टिरिओत तासाला साधारण १ जीबी लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डवर तीसेक तास बसतात. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात शीर्षकसंगीत आणि निवेदन जाऊन अठ्ठावीस मिनिटंच हातात राहतात, म्हणून तास-सव्वातासापेक्षा जास्त बोलणं घेऊ नये. त्यापुढं पाहुणाही थकतो आणि एडिटिंगवालाही. सामुदायिक केंद्रावर प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचं बंधन आहे, त्यापुढचं नाही. तेव्हा न कापलेली मूळ फाईल आपणच दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि तिसरी प्रत पेनड्राइव्हवर घालून कलाकाराच्या घरी द्यावी. फाईलच्या नावात तारीख, गाव, कलाकाराचं नाव आणि वाद्य, एवढं असलं की पुरे.