सत्तरवर चिकटलेला काटा: वाइन कूलरचा ह्युमिडॉर घेताना मी कसा गंडलो

काहीच कळत नसतं तर वाचलो असतो, अर्धवट कळत होतं तिथेच मेलो. वाइन कूलरचा (वाइनच्या बाटल्या ठेवायचा छोटा फ्रिज) ह्युमिडॉर, म्हणजे सिगार नीट टिकाव्यात म्हणून आत ठराविक ओल सांभाळणारी पेटी, करून विकणाऱ्या एका माणसाने मला व्यवस्थित टोपी घातली आणि घालताना मी डोकं पुढे करून उभा होतो. दोन महिने रात्री जागून याच विषयावर वाचत बसलेलो, त्यामुळे तो जे जे शब्द टाकायचा ते सगळे माझ्या ओळखीचे, आणि ओळखीचा शब्द कानावर पडला की माझी मान आपोआप हलायची. किंमत सांगत नाही, बायको पण हे वाचते. आणि सिगार ओढावी की नाही यावर कृपया इथे भांडू नका, ते भांडण घरी रोज चालू असतं.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिगार ठेवायला साधारण ६५ ते ७० टक्के ह्युमिडिटी आणि १८ ते २१ डिग्री टेंपरेचर लागतं. कोरडं पडलं की वरचं पान तडकतं, जास्त ओल झाली की बुरशी, आणि २५ डिग्रीच्या वर बरेच दिवस राहिलं की तंबाखूत आधीपासून लपलेली किड्यांची अंडी फुटायची भीती, मग सिगारला सुईने टोचल्यासारखी गोल भोकं. लाकडी डब्यात ओल सांभाळता येते पण गरमीचं काय करणार, म्हणून लोक छोटा वाइन कूलर घेतात, आतल्या तारेच्या जाळ्या काढून स्पॅनिश सीडर नावाच्या लाकडाचे ड्रॉवर बसवतात, आतली ओल ठराविक टक्क्यांवर धरून ठेवणारी पाकिटं टाकतात, झाला ह्युमिडॉर. आयडिया चांगलीच आहे, आयडियाला माझा अजूनही विरोध नाही.

पण यात एक मेख आहे. कूलर थर्मोइलेक्ट्रिक पाहिजे. म्हणजे ज्यात पेल्टियरची चकती असते, करंट दिला की एक बाजू गार दुसरी गरम, तो शोध १८३४ चा. हा कूलर हळू चालतो, खोलीपेक्षा थोड्याच डिग्री खाली जातो, आणि आतली प्लेट फार गार होत नसल्याने हवेतली ओल फारशी ओढून घेत नाही. कॉम्प्रेसरवाला म्हणजे आपला साधा फ्रिज. त्याची मागची प्लेट मरणाची गार होते, आतली सगळी वाफ तिच्यावर पाणी होऊन जमते आणि मागच्या भोकातून बाहेर. बाटल्यांना काही फरक पडत नाही, सिगारचा पार पापड होतो. हे मला पाठ होतं हो! म्हणूनच पहिला प्रश्न मी तोच विचारला, "थर्मोइलेक्ट्रिक आहे ना?" "शंभर टक्के सर, कॉम्प्रेसरवाल्याला आम्ही हातच लावत नाही." माझं समाधान झालं. म्हणजे ज्याच्याकडून घ्यायचं त्यालाच विचारलं आणि त्याच्याच उत्तरावर खूश झालो.

त्याने व्हिडिओ पाठवला. काचेचं दार, आत निळा लाइट, पाच ड्रॉवर, आणि मधोमध पितळी कडं असलेलं गोल काट्याचं हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजायचं मीटर, काटा बरोबर सत्तरवर. मग तो दार उघडतो, बोलत बोलत एक एक ड्रॉवर बाहेर ओढून दाखवतो, परत ढकलतो, दार लावतो, सगळं मिळून दीड मिनिट तरी, आणि काटा जागचा हलत नाही. मी तो व्हिडिओ बायकोला दाखवून म्हणलं, बघ काय स्टेबल आहे. आता विचार करा, दार दीड मिनिट सताड उघडं आणि काटा इतकासुद्धा थरथरत नाही, यात कौतुक कसलं? तिथेच डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. मला टाळ्या ऐकू आल्या.

पैशाचा भाग पटकन उरकतो कारण आठवलं की पोटात कालवतं. जाहिरात होती त्या साइटवरूनच पैसे भरले असते तर काही गडबड झाल्यावर तक्रार तरी करता आली असती. हा म्हणाला सर कमिशन फुकट जातं, डायरेक्ट ट्रान्सफर करा, त्या बदल्यात मी तुम्हाला कोहिबाचा (क्युबाच्या नावाजलेल्या सिगार) एक बॉक्स गिफ्ट देतो. केलं डायरेक्ट. अर्धे आधी, अर्धे माल निघायच्या आदल्या दिवशी.

गिफ्टचा बॉक्स आला तो काचेच्या झाकणाचा. ज्यांना माहितीये ते आत्ताच हसले असतील, क्युबाची कोहिबा काचेच्या झाकणाच्या बॉक्समधे येतच नाही, नकली मालाची ही सगळ्यात जुनी खूण. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी तो कपाटावर शोभेला ठेवला होता.

कूलर आला, जागेवर ठेवला, एक दिवस तसाच उभा राहू दिला, मग लावला. दार उघडल्या उघडल्या असा वास की खोली भरली. मी म्हणलं वा, सीडर! पण तो वास ओळखीचा होता आणि दोन दिवस आठवत नव्हता की कशाचा. तिसऱ्या दिवशी पोरगी पेन्सिलला टोक करत बसली होती तेव्हा ट्यूब पेटली. शार्पनरचा वास! पेन्सिलीला वापरतात तो लाल सीडर वेगळा, त्याचं तेल उग्र असतं आणि ते सिगारमधे उतरतं. आपल्याला पाहिजे तो स्पॅनिश सीडर, ज्याला सीडर म्हणतात पण तो सीडर नाही आणि स्पेनचा पण नाही, अमेरिका खंडातल्या गरम भागातलं झाड आहे, महोगनीच्या कुळातलं, आणि आपला कडुनिंब पण त्याच कुळात येतो. त्याचा वास मंद, थोडा मसाल्यासारखा, नाक जवळ न्यावं लागतं. माझ्या ड्रॉवरचा वास नाकाकडे स्वतः चालत येत होता. एका ड्रॉवरची मागची कड पॉलिश पेपरने जरा घासली तर खाली प्लायवूडचे थर, वरून पातळ रंगवलेलं व्हिनियर, आणि बहुतेक बाटलीतलं सीडर ऑइल चोळलेलं. शिवाय कोपऱ्यात सिलिकॉन भरलेलं ते व्हिनेगरसारखा वास मारणारं. सिगार आजूबाजूचा वास शोषते, सेलोफेनमधे असली तरी, सेलोफेनमधून हवा आणि ओल जाते.

पण हे सगळं कळेपर्यंत मी ४३ सिगार आत भरल्या होत्या. भावाने दहा-अकरा वर्षं प्रत्येक प्रवासातून एक-दोन करत आणलेल्या. "सीझनिंग करू का आधी?" असं विचारलं होतं मी, कारण कोरडं लाकूड ठेवलं की ते आधी सिगारमधलीच ओल पितं, नीट पद्धत म्हणजे ८४ टक्क्यांची पाकिटं टाकून दोन आठवडे रिकामं बंद ठेवायचं. तो म्हणाला, सर सीझन्ड करूनच पाठवलंय, डायरेक्ट भरा. भरल्या.

पहिल्याच रात्री खट् असा आवाज आणि मग घूं... पंधरा-वीस मिनिटं. मग शांत. मग परत खट्. फोन केला तर म्हणे फॅन नवीन आहे, सेट होईल. आठ दिवसांनी वरच्या ड्रॉवरमधली एक काढली तर बोटात कडक लागली, आणि पानाला टोकापासून ब्रँडच्या कागदी पट्टीपर्यंत उभी चीर. हायग्रोमीटर बघितलं, सत्तर. परत फोन. "सर थोडं पाणी वाढवा, एक स्पंज ओला करून खाली ठेवा." डिस्टिल्ड वॉटर वगैरे त्याने सांगितलं नाही, मी पण घाईत नळाचं पाणी वापरलं, ही चूक माझी, मान्य.

आता आत काय चाललं होतं ते बघा. कूलर बंद असताना आतली हवा गरम, स्पंजची वाफ भरून घेणारी. गार हवेत वाफ कमी मावते. २५ डिग्रीला ७० टक्के असलेली बंद हवा १८ वर आणली तर ती वाफ मावतच नाही, दव पडतं. मग कॉम्प्रेसर सुरू झाला की मागच्या प्लेटवर धारा, थोडं पाणी भोकातून बाहेर, बाकीचं खालच्या ड्रॉवरवर. म्हणजे वर वाळवंट आणि खाली दलदल, एकाच पेटीत, आणि मधे तो पितळी काटा सत्तरवर समाधी लावून बसलेला.

तीन आठवड्यांनी खालच्या ड्रॉवरमधल्या सिगारवर पांढरे ठिपके. जवळून बघितलं तर कापसासारखी लव, आणि एकदोन ठिकाणी हिरवट झाक. फोटो पाठवला. त्याचं उत्तर मी शब्दाला शब्द जपून ठेवलंय: "अभिनंदन सर, हा प्लूम आहे." प्लूम म्हणजे जुन्या सिगारमधलं तेल बाहेर येऊन वर बारीक पांढरी पावडर दिसते असं लोक म्हणतात, आणि ते चांगल्या मालाचं लक्षण मानतात. शब्द मला माहीत होता, त्यामुळे मी अर्धा दिवस खरंच खूश होतो, मित्राला फोन करून सांगितलं पण. मित्र म्हणाला प्लूमला केस नसतात रे. पेटवायच्या टोकाला आत भोकात बघ. बघितलं, आत पण लव. म्हणजे ती फेकायचीच. १९ फेकल्या.

त्या रात्री मी पहिल्यांदा डोकं वापरलं. मिठाची टेस्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, करत कोणी नाही. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंब थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळवायचं नाही, ते झाकण आणि हायग्रोमीटर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत एक दिवस. आत ७५ टक्के होतात, मिठाचा तो गुणच आहे. मी दोन मीटर ठेवले, नवीन आणलेलं डिजिटल आणि ते पितळी. सकाळी डिजिटल ७४. पितळी ७०. म्हणलं ७५ च्या जागी ७०, पाचचा फरक, चालतं, काट्याची स्वस्तातली मीटरं एवढी चुकतातच. मग सहज म्हणून पितळीसमोर हेअर ड्रायर धरला. सत्तर. न्हाणीघरात गरम पाण्याच्या वाफेत नेलं. सत्तर. कडं उचकटून काच काढली आणि चष्मा वर सरकवून बघितलं तर काट्याच्या मुळाशी, जिथे तो फिरतो तिथे, मोहरीएवढा चमकदार थेंब. सुपरग्लू. नख लावलं, टण्ण वाजला. मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. प्लायवूड वगैरे ठीक आहे, तो लोभ समजतो, पण कुणीतरी टेबलावर बसून, काटा बरोबर सत्तरवर आणून, श्वास रोखून त्यावर थेंब सोडलाय.

मग कूलर फिरवला. मागे खाली त्याच्या नावाचा मोठा "हँडक्राफ्टेड" स्टिकर. तोच ड्रायर लावून गरम करून सोलला. खाली कंपनीची मूळ प्लेट, आणि त्यावर स्वच्छ लिहिलेलं, रेफ्रिजरंट आर६००ए. पेल्टियरच्या कूलरमधे गॅस नसतोच. टॉर्च मारला तर जाळीमागे काळा गोल कॉम्प्रेसर मस्त बसलेला. एवढे दिवस दोन हातांवर होता.

तर कुणी असा तयार माल घेत असाल तर त्या प्लेटचा फोटो आधी मागा, वर स्टिकर असला तर सोलून फोटो मागा. गॅसचं नाव दिसलं की विषय संपला. व्हिडिओ मागाल तर आत डिजिटल मीटर, शेजारी चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख, आणि दार उघडल्यावर आकडा खाली आलाच पाहिजे. आकडा पडणं ही चांगली गोष्ट आहे, बंद केल्यावर किती वेळात परत चढतो ते बघायचं. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा, पट्टी सहज निघाली तर तिथून ओल जाणार. लाकडाची कड बघा, पुढची बाजू कुणीही सुंदर करतं. आणि कोणी काही म्हणो, पहिले दोन आठवडे रिकामा चालवा. पैसे साइटच्या बाहेर देऊ नका हे मी कुठल्या तोंडाने सांगू, पण देऊ नका.

पैसे परत मागितले तेव्हा आधी "कस्टम मालाला रिटर्न नाही", मग "तुम्ही मीटर उघडलं म्हणजे वॉरंटी गेली", मग ब्लॉक. ट्रान्सफरची पावती आणि सगळे मेसेज घेऊन रीतसर तक्रार केलीये, साइटवाले म्हणतात व्यवहार आमच्याकडे झालाच नाही, जे खरंच आहे.

उरलेल्या २४ मधल्या नऊ तडकलेल्या, बाकीच्या आता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, दोन ६५ ची पाकिटं टाकून, सगळ्यात थंड खोलीत पलंगाखाली. दिसायला भिकार, मीटर ६५-६६ च्या पलीकडे जात नाही. त्या कूलरमधे पाण्याच्या बाटल्या ठेवतो. गार मात्र फार छान करतो हो.

परवा तीच जाहिरात परत वर आलेली दिसली. व्हिडिओ तोच, कूलर माझ्याकडे असून. मी भावाच्या नंबरवरून विचारलं, थर्मोइलेक्ट्रिक आहे ना? दोन मिनिटांत उत्तर, "शंभर टक्के सर."